पैसे देणारा, गाडी नेणारा आणि कागदावरचा माणूस एकच हवा

शनिवार, संध्याकाळचे सात. नागपूरच्या मनीषनगरातल्या घरासमोर विकायची जुनी गाडी धुऊन-पुसून उभी आहे. गिऱ्हाईक दोनदा बघून गेलंय, सौदा ३ लाख ८० हजारांत ठरलाय. आज तो भावाला सोबत घेऊन आलाय. मोबाईल पुढे करून म्हणतो, "काका, आरटीजीएस करून देल्लं, हे पाहा. तुमच्या बँकेचा सर्व्हर डाउन असून राहिला, दहा मिनिटांत दिसन. आम्हाले रात्री छिंदवाड्याले पोचाचं हाये." पडद्यावर हिरवी टिक, तुमचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, सगळं बरोबर. तुमच्या खात्यात मात्र काही आलेलं नाही.

चावी इथेच थांबवायची. तो माणूस लबाड असेलच असं नाही, पण तो पडदा काहीच सिद्ध करत नाही. असे पडदे तयार करणारी ॲप्स फुकट मिळतात. नाव, रक्कम, वेळ टाकली की हुबेहूब पावती निघते. आपला खाते क्रमांक तर त्याला आपणच दिलेला असतो.

काही आकडे पाठ असले की निम्मे बनावट स्क्रीनशॉट तिथेच उघडे पडतात. आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम एका खात्यातून थेट दुसऱ्यात पाठवायची बँकेची सोय, २ लाखांच्या खाली होतच नाही. ५० हजारांच्या टोकनची (बयाण्याची) आरटीजीएस पावती कोणी दाखवली तर पुढे बोलायचं कारण नाही. यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला दिवसाला १ लाखापर्यंतच जातात. करभरणा, दवाखाना अशा काही कामांना मर्यादा जास्त आहे, पण खासगी गाडी विक्री त्यात बसत नाही. म्हणून "पावणेचार लाख यूपीआयने एकदम टाकले" ही गोष्टच होऊ शकत नाही. आयएमपीएसची मर्यादा एका व्यवहाराला ५ लाख आहे आणि त्यात पैसे लगेच पोचतात. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं, म्हणून तिथे थोडा उशीर खरा असू शकतो.

आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सातही दिवस चालतं. आपल्या बँकेकडे संदेश पोचल्यावर तिने अर्ध्या तासात रक्कम जमा करायची असते. जमा करता आली नाही तर पैसे पाठवणाऱ्याकडे परत जातात. "सोमवारी दिसेल" हे म्हणूनच टिकत नाही. शिक्का मारलेली आरटीजीएसची स्लिपही पुरावा समजू नका. त्या शिक्क्याचा अर्थ शाखेने फॉर्म घेतला एवढाच. त्या खात्यात पैसे होते का आणि ते निघाले का, हे त्यातून कळत नाही.

एसएमएसचंही तसंच. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, तो अक्षरांच्या नावाने येतो. शिवाय मेसेजवर विसंबायचंच कशाला? स्वतःच्या हाताने बँकेचं ॲप उघडा, स्टेटमेंटमध्ये ती नोंद शोधा, त्याखालची शिल्लक वाढली का पाहा. यूपीआय असेल तर बारा आकडी संदर्भ क्रमांक तुमच्याही यादीत दिसायला हवा. त्याच्या फोनवर "पेंडिंग" दिसत असेल तर एकतर पैसे तुमच्याकडे येतील किंवा त्याच्याकडे परत जातील. तोवर गाडी आपल्या फाटकात.

शनिवार संध्याकाळ मुद्दाम निवडली जाते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, रविवारी बंद, शंका विचारायला शाखेत कोणी नाही. सौदा सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकराला, आपल्या शाखेत करा. धरमपेठ असो की सदर, काउंटरवर पासबुक भरून घेतलं की वाद उरत नाही. खरा गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही, कारण एवढे पैसे देताना त्यालाही धाकधूक असते.

मधला माणूस

नागपुरात जुन्या गाडीच्या सौद्यात दलाल असणं नवं नाही, आणि त्याचाच फायदा घेणारी एक फसवणूक आहे. ती नीट समजून घ्या, कारण यात तुमच्या समोर उभा असलेला माणूस खराच असतो आणि तरी तुम्ही दोघंही बुडता.

तुम्ही ऑनलाइन जाहिरात टाकता, ३ लाख ८० हजार. एक जण फोन करतो, घासाघीस न करता भाव मान्य करतो आणि म्हणतो, "गाडी माझ्या साळ्यासाठी आहे, तो बघायला येईल. त्याच्याशी पैशाचं बोलू नका, त्याचं-माझं काही देणं-घेणं आहे, मीच तुम्हाला देतो." इकडे त्याच माणसाने तुमचेच फोटो उचलून वेगळी जाहिरात टाकलेली असते, २ लाख ६० हजार. ती बघून भंडाऱ्याचा किंवा वर्ध्याचा एखादा खरा खरेदीदार त्याला फोन करतो. त्याला सांगितलं जातं, "गाडी माझ्या मेव्हण्याच्या घरी उभी आहे, बघून घ्या, भावाचं मात्र त्याच्याशी बोलू नका." खरेदीदार येतो, गाडी चालवून बघतो, कागद तपासतो. सगळं अस्सल, कारण गाडी खरंच तुमची आहे. मग तो अंगणात उभं राहून त्या मधल्याने दिलेल्या खात्यात २ लाख ६० हजार टाकतो आणि तुमच्याकडे चावी मागतो. मधल्याने तुम्हाला तेवढ्यात एक बनावट पावती पाठवलेली असते. दहा मिनिटांनी त्याचा फोन बंद.

आता अंगणात दोन खरी माणसं भांडतात. त्याचे पैसे गेलेत, तुम्हाला मिळाले नाहीत. त्याला तुम्हीच त्या टोळीतले वाटता. पावती खरी मानून चावी दिली असेल तर गाडीही गेली आणि पुढची काही वर्षं पोलीस स्टेशन आणि कोर्ट. चावी दिली नसेल तरी तक्रारीत तुमचं नाव येऊ शकतं, कारण गाडी तुमच्या दारात दाखवली गेली.

हा डाव एकाच गोष्टीवर उभा आहे: तुम्ही दोघांनी एकमेकांशी भावाचं बोलायचं नाही. म्हणून गाडी बघायला जो येईल त्याच्याशी पहिल्या पाच मिनिटांतच मोठ्याने बोला. "दादा, मी या गाडीचे ३ लाख ८० हजार मागतोय, तुम्हाला किती सांगितले? पैसे कोणाच्या खात्यात टाकणार?" आकडा जुळला नाही की दोघंही वाचलात. "त्याच्याशी पैशाचं बोलू नका" हे वाक्य फोनवर ऐकलं की तो सौदा सोडूनच द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. साळा, जावई, भागीदार, साहेबांचा ड्रायव्हर, कारण कुठलंही असो.

फोटो काढतानाच एक साधी सोय करून ठेवता येते. पांढऱ्या कागदावर जाड पेनाने "मालकाकडून थेट विक्री, ३,८०,०००" लिहा, वायपरखाली अडकवा आणि समोरच्या सगळ्या फोटोंत तो कागद येऊ द्या. ते फोटो उचलून कमी भावाची जाहिरात टाकणं मग अवघड जातं. आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) आणि आधारचा फोटो जाहिरातीत टाकू नका, फोनवर आधी पाठवूही नका. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे यांवर परिवहनच्या पोर्टलवर बरीच कामं सुरू करता येतात. तेच कागद पुढे दुसऱ्याला गाडी "दाखवायला" वापरले जातात.

क्यूआर आणि पिन

पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करणारा पैसे देत असतो, घेत नसतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी माणसं फसतात, कारण त्या वेळी समोरचा घाई करत असतो आणि आपण टोकन येण्याची वाट बघत असतो. पद्धत ठरलेली आहे: आधी तो १ रुपया किंवा १० रुपये खरेच पाठवतो, विश्वास बसतो. मग "मर्चंट अकाउंट आहे, तुम्हाला स्कॅन करून स्वीकारावं लागेल" म्हणून क्यूआर येतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची कलेक्ट रिक्वेस्ट (पैसे मागण्याची विनंती) बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआर, ऑटोपेची (खात्यातून पैसे आपोआप कापायची) मंजुरी आणि फोनवर लिंकने येणारी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल या वाटा उघड्याच आहेत. "व्हॅल्युएशन रिपोर्ट" किंवा "आरटीओ चलन" नावाची फाइल उघडून इन्स्टॉल केली की एसएमएस दुसरा कोणी वाचू लागतो. पिन आपल्या हाताने टाकून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्याच माथी येतं.

फौजी असल्याची बतावणी आपल्याकडे जास्त चालते, कारण इथे ती पटते. कामठीला छावणी आहे, वायुसेनानगरात हवाई दलाचं मेंटेनन्स कमांड आहे, अंबाझरीला आयुध कारखाना. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड व्हॉट्सअॅपवर येतं, "पोस्टिंग झाली, न बघताच घेतो, युनिटच्या खात्यातून पैसे येतील." खरा जवानही गाडी बघूनच घेतो आणि स्वतःच्या खात्यातून पैसे देतो. न बघता गाडी घेणारा गिऱ्हाईक नसतो, एवढं धरून चाला.

"चुकून जास्त गेले" हा आणखी एक प्रकार. ५ हजारांचं टोकन ठरलेलं असतं, ५० हजार गेल्याचा मेसेज येतो, आणि ४५ हजार दुसऱ्याच नंबरवर परत मागितले जातात. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. खरेच आले असतील तरी आपण कुठेही पाठवायचे नाहीत. त्याला त्याच्या बँकेत अर्ज करायला सांगा आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवा. ते पैसे तिसऱ्याच फसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि ते पुढे सरकवलेत तर साखळीतलं एक नाव तुमचं होतं.

पैसे आले, पण कोणाचे?

इथे फार कमी लोक लक्ष देतात. सौदा रमेशशी झाला, पैसे मात्र तीन अनोळखी खात्यांतून आले: एक बिहारचं, एक राजस्थानचं, एक कुठल्या तरी ट्रेडर्सचं. रक्कम पूर्ण, गाडी गेली. पंधरा दिवसांनी एटीएम पैसे देईना. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने खात्यावर लीन लावलेलं, म्हणजे रक्कम अडवून ठेवलेली असते, कारण कोणा फसलेल्या माणसाचे पैसे फिरत फिरत तुमच्याकडे आले. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी पूर्ण खातं गोठतं. सोडवायचं तर त्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला कागद पाठवत बसावं लागतं, आणि तोवर घराचा हप्ता बाउन्स होतो.

म्हणून आग्रह धरा: फॉर्म ३० वर (गाडी नावावर करण्याच्या अर्जावर) ज्याचं नाव, त्याच्याच खात्यातून पैसे. आदल्या दिवशी त्याला तुमचं खातं बेनिफिशियरी म्हणून जोडून १ रुपया टाकायला सांगा. स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव येतं, ते आधारवरच्या नावाशी जुळवा. नवीन बेनिफिशियरीला पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही अशी अडचण बऱ्याच बँकांत असते, तीही यामुळे आधीच सुटते. वडील मुलासाठी पैसे देत असतील तर हरकत नाही, पण मग वडिलांचं ओळखपत्र घ्या आणि सौद्याच्या चिठ्ठीत "रक्कम वडिलांच्या खात्यातून" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणखी एक सांगणं आहे: पगार, हप्ते, विमा ज्यातून चालतात त्या खात्यात गाडीचे पैसे घेऊच नका. वापरात कमी असलेलं वेगळं बचत खातं द्या, म्हणजे काही अडकलंच तर घर थांबत नाही.

रोख घेत असाल तर २ लाखांच्या आत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. दोन दिवसांत तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. नोटा घरी मोजू नका. बंडलाच्या वर-खाली खऱ्या आणि मध्ये खेळातल्या नोटा, हा जुना प्रकार अजून चालतो. बँकेच्या काउंटरवर भरा, पॅन सोबत ठेवा.

चेक शक्यतो नको. खात्यात रक्कम दिसते, पण चेक वटेपर्यंत ती काढता येत नाही, आणि नेमकी ती दिसणारी रक्कम दाखवून गाडी नेली जाते. ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर चालू असतं, त्यामुळे निकाल पूर्वीपेक्षा लवकर कळतो. तेवढं थांबा. परत आलाच तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवसांची मुदत, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार, असा चेक न वटल्याच्या कलम १३८ चा रस्ता आहे, पण गाडी तोवर कुठच्या कुठे गेलेली असते.

डिमांड ड्राफ्टला लोक रोख समजतात. बनावट ड्राफ्ट छापले जातात आणि त्यांवर दिलेल्या फोन नंबरवर त्यांचाच माणूस "हो, आमचाच आहे" म्हणतो. सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, ते गिऱ्हाइकाशी जुळतं का बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच्यासोबत शाखेत जा आणि ड्राफ्ट काउंटरवरून निघताना समोर बघा. ते जमत नसेल तर आपल्या खात्यात भरून पैसे जमा होईपर्यंत गाडी देऊ नका.

गिऱ्हाईक कर्ज काढून घेत असेल तर मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. फायनान्स कंपनीकडून तुमच्या खात्यात रक्कम येईपर्यंत वाट पाहा. तुमच्याच गाडीवर कर्ज बाकी असेल तर गिऱ्हाइकाने परस्पर कर्ज खात्यात भरायचं आणि उरलेले तुम्हाला द्यायचे, असं लिहून ठरवा. मग बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५.

सही आणि ओटीपी

चावीइतकीच किंमत सहीला आणि ओटीपीला आहे. पोर्टलवर नाव बदलण्याचा अर्ज भरताना विकणाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. "फक्त गाडीची माहिती काढतोय" म्हणून तो मागतात. पैसे जमा होण्याआधी तो सांगायचा नाही. फॉर्म २९ (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) दोन प्रतींत, फॉर्म ३०, आणि दोन्हींवर खरेदीदाराचं नाव-पत्ता भरल्यावरच सही. कोऱ्या फॉर्मवर सह्या देण्याची सवय घातक आहे, कारण ती गाडी पुढे चार हातांतून फिरते आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्याकडून.

राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. गिऱ्हाईक छिंदवाडा, शिवनी, बालाघाट किंवा राजनांदगावचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि तुमची गाडी एमएच-३१, एमएच-४० की एमएच-४९ यावर कुठल्या कार्यालयात जायचं ते ठरतं. "एनओसी मी काढून घेतो, तुम्ही गाडी द्या" याला हो म्हणू नका. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का विचारा आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी भरून घ्या. मग गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, मिनिटासकट. किलोमीटरचा आकडा, रक्कम, यूटीआर (बँकेच्या व्यवहाराचा) क्रमांक, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. त्याच रात्री वर्धा रोडवर सिग्नल तोडल्याचं चलन आलं तर हीच चिठ्ठी कामी येते. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा आणि काचेवरून खरडून काढा, नाहीतर समृद्धीवर शिर्डीपर्यंत जाण्याचा टोल तुमच्या पाकिटातून कापला जाईल. नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं.

आणि घडलंच तर, पैसे गेल्याचं कळताच १९३० ला फोन, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार, मग बँकेला लेखी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, त्यामुळे पहिल्या तासात केलेला फोन पुढच्या दहा अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोनजवळ यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा नंबर घेऊन बसा, तिथे हेच विचारतात. चॅट डिलीट करू नका. गाडीच गेली असेल तर जवळच्या ठाण्यात एफआयआर करा आणि तिची प्रत घेऊन आपल्या आरटीओत अर्ज द्या की या गाडीचं ट्रान्सफर थांबवा. तुमच्या सहीचा फॉर्म ३० त्याच्या हाती नसेल, ओटीपी दिलेला नसेल, तर ती गाडी त्याला कोणाच्याही नावावर सरळ मार्गाने करता येत नाही.